मशीन कुणाकडून घ्यायचं?

भोसरीत माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. काही वर्षांपूर्वी तैवानचं एक व्हीएमसी (धातू कापणारं संगणक-नियंत्रित उभं मशीन) मी थेट तिथल्या कंपनीकडून मागवलं. डिस्ट्रिब्युटरचं कोटेशन महाग वाटलं, म्हणून.

हिशोब मी नीट केला होता. मशीन न्हावाशेव्याला उतरलं तेव्हा किंमत 100 रुपये धरा. त्यावर साडेसात टक्के बेसिक ड्युटी. त्या ड्युटीवर दहा टक्के अधिभार, म्हणजे पाऊण रुपया. मग 108.25 वर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसा अडकतो. वर क्लिअरिंग एजंट, ट्रेलर, क्रेन. मशीन 220 व्होल्टचं आणि आपली लाइन 415 ची, म्हणून ट्रान्सफॉर्मरही. एवढं सगळं धरूनसुद्धा थेट आयात स्वस्तच पडली.

वॉरंटी संपली आणि एका रात्रपाळीत स्क्रीनवर स्पिंडल ड्राइव्हचा, म्हणजे हत्यार फिरवणारी मोटर चालवणाऱ्या युनिटचा, अलार्म आला. ऑपरेटरने रीसेट मारलं, मेन स्विच बंद-चालू केला. अलार्म हलेना. कंपनीला मेल टाकला, तर उत्तर आलं की पॅनलचे फोटो पाठवा. फोटो गेले, मग पॅरामीटर, म्हणजे मशीनमधली सेटिंग, मागितले. ड्राइव्ह विमानाने येऊन कस्टममधून सुटेपर्यंत 23 दिवस मशीन उभं होतं. चाकणच्या ग्राहकाचे ब्रॅकेट शेजारच्या शेडमधून जास्त दराने करून घेतले, कारण त्याची लाइन थांबवणं मला शक्यच नव्हतं. वाचवलेले पैसे तिथेच गेले, आणि झोपही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कुठल्याही मेकचं (कंपनीचं) पहिलं मशीन डिस्ट्रिब्युटरमार्फतच घ्या. दुसरं-तिसरं घेताना, आपला मेंटेनन्सवाला तयार झाला असेल आणि स्पेअर आपल्या कपाटात असतील, तर थेट जायला हरकत नाही.

डिस्ट्रिब्युटरमार्फत घेतलं म्हणजे आयात त्यानेच करायची असंही नाही. इंडेंटवर, म्हणजे तो फक्त मध्यस्थ राहून, व्यवहार केला तर तो कंपनीकडून कमिशन घेतो; एलसी (बँकेची पैशांची हमी) आणि बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयात कागद) तुमच्याच नावाने होतात. निर्यात करणाऱ्यांना हे सोयीचं. ईपीसीजीचा, म्हणजे निर्यातीच्या अटीवर ड्युटीशिवाय मशीन आणण्याच्या सरकारी योजनेचा, परवाना आधी काढून ठेवला तर ड्युटी माफ होते, मात्र वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. ती झेपणार असेल तरच या वाटेला जा.

वॉरंटी कमिशनिंगपासून (मशीन बसवून चालू करून दिल्यापासून) सुरू होणार की माल जहाजावर चढल्यापासून, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. काही जपानी मशिनं जागेवरून हलवली की लॉक होतात, कंपनीलाच ती उघडावी लागतात. शेडमध्ये मशीन सरकवायचं झालं तर कोण येणार आणि किती दिवसांत, हेही त्यातच घाला.

आणि सही करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या पुण्यातल्या गोडाऊनवर स्वतः जा. कॅटलॉग बघू नका. त्याला म्हणा, या मॉडेलचा स्पिंडल ड्राइव्ह आणि एन्कोडर (फिरण्याची स्थिती मोजणारा सेन्सर) आत्ता माझ्या हातात द्या.