काबुकीच्या नटांचे छापलेले चेहरे

हे चित्र जरा थांबून बघा. भुवया ताणलेल्या, डोळे नाकाकडे वळलेले, ओठ खाली ओढलेले, आणि किमोनोच्या आतून छातीपाशी बाहेर आलेले दोन हात, बोटं पार फाकलेली, आता झडपच घालणार. हा नट ओतानी ओनिजी, या नावाचा तिसरा. 1794 साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, कावाराझाकी-झा थिएटरला एक काबुकी, म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक लागलं होतं, त्यात तो एदोबेई नावाच्या बदमाशाचं काम करायचा, दुसऱ्याकडचे पैसे लुटायला निघालेला. चित्रकार शाराकू.

आणि हे छापील आहे बरं का. चित्रकाराने काढलेला कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवून कारागीर तो कोरायचा, प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, मग छापणारा एकेक रंग त्याच कागदावर चढवत जायचा आणि एक ठोकळा जरी केसभर सरकला तरी चेहरा बिघडला. मागे जी काळसर चमक दिसते ना, ती अभ्रकाच्या पुडीची. नाटक गाजत असतानाच अशी चित्रं दुकानात यायची आणि लोक आपल्या आवडत्या नटाचं चित्र घरी घेऊन जायचे.

त्याआधी कितीतरी वर्षं तोरिई घराण्याचे चित्रकार नट काढायचे, पण चेहरे साधारण सगळ्यांचे सारखेच, कोण आहे ते कपड्यावरच्या घराण्याच्या चिन्हावरून कळायचं. कात्सुकावा शुन्शोने 1770 च्या सुमाराला खरेखुरे चेहरे आणले, आणि माझ्या मते खरी मोठी उडी तीच होती, शाराकू त्यापुढे गेला.

पुढे म्हणजे किती, तर सेगावा किकुनोजो हा स्त्रीपार्ट करणारा मोठा नट, त्याच्या चित्रात केस बाईचे, कपडे बाईचे आणि जबडा मात्र सरळ पुरुषाचा, वयसुद्धा लपवलेलं नाही. भूमिका आणि माणूस दोन्ही एकाच चेहऱ्यात! मला हे फार धाडसाचं वाटतं. पण चाहत्यांना आपला नट देखणाच हवा असतो, आणि त्याच काळातल्या ओता नान्पो या लेखकाने लिहून ठेवलंय की शाराकूने नटांना फारच खरं काढलं म्हणून तो टिकला नाही. जेमतेम दहा महिने, 140 च्या वर चित्रं, आणि 1795 च्या सुरुवातीला काम बंद. त्याच वेळचा दुसरा चित्रकार तोयोकुनी नटांना रुबाबदार काढायचा, तो चालला, त्याचे शिष्यही पुढे कित्येक वर्षं चालले.

1842 मध्ये सरकारने नटांच्या चित्रांवर बंदीच घातली. मग कुनियोशी या चित्रकाराने काय केलं, गोदामाच्या भिंतीवर पोरांनी रेघोट्या मारल्यात असं दाखवून वेडेवाकडे चेहरे काढले, नटांची नावं कुठेच नाहीत, आणि नाटकवेड्या लोकांना त्यातला कोण कोण आहे हे सांगायची गरजच नव्हती.