पुणं कधी बिघडलं?

या फिल्मसाठी आम्ही एकच प्रश्न घेऊन गावभर फिरलो. पुणं कधी बिघडलं?

बिघडलंय का, असं विचारायची सोय नव्हती. तसं विचारलं असतं तर लोकांनी आधी 'तुम्ही कुठले?' म्हणून आमचीच चौकशी केली असती. म्हणून थेट साल विचारलं. वाटलं होतं, माणसं जरा थांबतील, आठवून सांगतील. कुणीही थांबलं नाही. प्रत्येकाच्या खिशात साल तयार होतं.

(दृश्य: नारायण पेठ. जुन्या वाड्याचा जिना. भिंतीवर एक फिकट आडवी रेघ.)

"एकसष्ट." आजोबांनी चहाचा कप खाली ठेवण्याआधीच सांगून टाकलं.

ही रेघ बघा. आजोबांनी हात वर ताणला तरी ती वीतभर उंच राहते. 12 जुलै 1961, बुधवार. पानशेतच्या मातीच्या धरणाचं काम अजून पुरतं झालं नव्हतं, आणि आत पाणी मात्र साठलं होतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून भिंत कशीबशी धरून ठेवली. म्हणून धरण भर रात्री न फुटता सकाळी फुटलं आणि कित्येकांना पळायला दिवसाचा उजेड मिळाला. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला धरणही नेलं. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे. पाण्याचा आवाज कसा होता विचारलं, तर आठवत नाही म्हणाले. वास आठवतो. चिखलाचा, आणि त्या चिखलात भिजून कुजलेल्या धान्याचा.

"एवढं पाणी येऊन गेलं आणि नळाला थेंब नाही! धरणच गेलं, तर नळाला येणार कुठून?"

मग गावाला पेशव्यांचे हौद आठवले. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी आणून पेठांमधल्या हौदांत सोडलं होतं. घरोघर नळ आले आणि हौद मागे पडले. एकसष्टच्या जुलैत त्याच हौदांवर आणि वाड्यांच्या विहिरींवर रांगा लागल्या. आजोबांच्या आईची तांब्याची घागर अजून माळ्यावर आहे. आम्ही ती खाली काढायला लावली. गळ्याच्या खाली अंगठा बसेल एवढा पोचा आहे. "हा हौदावरच्या भांडणातला," आजोबा म्हणाले, आणि पोच्यात अंगठा बसवून दाखवला. अगदी बरोब्बर बसला. साठ वर्षं बसवत आले असणार.

"मग तेव्हा बिघडलं?"

"तेव्हा फुटलं. काठावरची माणसं गोखलेनगरला गेली, सहकारनगरला गेली. तोवर माझी आत्या हाकेच्या अंतरावर होती. नंतर तिच्याकडे जायचं म्हणजे डबा बांधून निघायचं."

(दृश्य: पहाट. वेताळ टेकडीची पायवाट. लांबून मोराचा आवाज.)

गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत वाढलेल्या एक काकू आम्हाला टेकडीवर भेटल्या. त्यांना आजोबांचं साल सांगितलं, तर हसल्या. "अरे, आमचं पुणं एकसष्टला सुरू झालं! आई सांगायची, नदीकाठी एका खोलीत नऊ माणसं होतो. इथं आल्यावर पहिल्यांदा अंगण बघितलं."

काकूंच्या हातात खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन असतो. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. घरून पाणी भरून आणायचं, चढ चढायचा आणि आपण लावलेल्या कडुनिंबाला घालायचं. उन्हाळ्यात टेकडीवर असे कॅन घेऊन चढणारी बरीच माणसं दिसतात. कुणाचं झाड कुठलं, हे ठरलेलं असतं. चुकून दुसऱ्याच्या झाडाला पाणी घातलंत तर आभार मानतील असं समजू नका. "त्याला काल घातलंय" असं ऐकावं लागेल.

काकूंचं साल वेगळं. सेनापती बापट रस्त्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हापासून. "सकाळी सूर्य दोनदा उगवतो आता. एकदा तिकडून, एकदा त्या काचेतून."

आणि आता टेकडीच्या अंगावरून रस्ता जाणार, बोगदा होणार, असं वर्षानुवर्षं चाललंय. बालभारती ते पौड फाटा. 2023 साली टेकडी वाचवायला माणसं रस्त्यावर उतरली. एरवी चार पुणेकर दोन मुद्द्यांवर सहमत झालेले मी तरी पाहिलेले नाहीत. तिथं हजारो जण एकाच बाजूनं चालत होते. अर्थात, त्यातले निम्मे घरी जाताना कर्वे रस्त्यावर अडकले आणि "रस्ता हवाच होता राव" असं म्हणाले, हेही मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यातला एक मी होतो.

(दृश्य: चिंचवड. गॅलरीत उभी जुनी स्कूटर, वर प्लॅस्टिकचं कव्हर.)

इथं लवकर आटपू, कारण या काकांनीच आम्हाला लवकर आटपलं. साताऱ्याहून आले, कारखान्यात चिकटले, निवृत्त झाले. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, तो काळ त्यांनी पाहिलाय. पिंपरी-चिंचवडला 1982 साली स्वतःची महापालिका मिळाली, तरी पेठेतले पाहुणे यांना विचारणार, "पुण्यात कधी येताय?" काकांचं मत एका ओळीत: "पुण्याला माज होता, तो आम्हाला चालायचा. आयटी आलं आणि माज गेला, नुसता पैसा राहिला. साल घाला दोन हजार." आणि ते भाजी आणायला निघून गेले.

(दृश्य: हिंजवडी. सकाळी नऊ. गाड्यांची रांग हलत नाही.)

ज्या आयटीनं बिघडवलं म्हणतात, तिथं गेलो. तिथला लातूरचा इंजिनिअर म्हणाला, मी आलो तेव्हा छान होतं हो, 2008 ला. वाकडहून वीस मिनिटांत ऑफिस. आता गाडीत बसूनच पहिली मीटिंग संपते.

रस्त्याच्या पलीकडे एक गावकरी उभे होते. त्यांच्या वडिलांचा ऊस होता इथं. त्यांना प्रश्न विचारल्यावर ते बराच वेळ आमच्याकडेच बघत राहिले. "पुणं बिघडलं का मला काय माहीत? आम्ही कुठं गेलो होतो पुण्यात? पुणं आमच्यात आलं." आयटी पार्क उभं राहून दोन दशकं उलटली तरी हिंजवडीचा कारभार ग्रामपंचायतीकडेच होता. तिकडे पुणे महापालिकेनं 2017 साली 11 गावं पोटात घेतली, 2021 साली आणखी 23. नकाशावर रेघ ओढायला वेळ लागत नाही. ड्रेनेजची लाइन ओढायला लागतो. तोवर टँकर. बाणेरच्या चकचकीत सोसायट्यांच्या फाटकाशी पहाटे उभे असतात, तेच.

पुण्याला पाणी कमी आहे म्हणावं, तर डोक्यावर चार धरणं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. जुलै उजाडला की इथली शाळकरी पोरंसुद्धा टीएमसीत, म्हणजे धरणातल्या अब्ज घनफूट पाण्याच्या हिशेबात, बोलतात.

(दृश्य: सदाशिव पेठ. रात्रीचे साडेअकरा. अभ्यासिकेच्या दारात चपलांचा ढीग.)

पुणेरी पाट्या आम्ही दाखवणार नाही. त्या तुमच्या मोबाइलवर रोज येतात आणि त्यातल्या अर्ध्या कुणीतरी नागपुरात बसून लिहिलेल्या असतात. पण ही एक राहवलं नाही म्हणून घेतली. अभ्यासिकेच्या जिन्यात, स्केचपेननं: "येथे बोलू नये. पास झाल्यावर बोलावे."

सदाशिव पेठ म्हणजे काटकसर, खवचटपणा आणि दुपारची झोप, हे ऐकून तुम्ही पेठेत आलात तर फसाल. जुने पेठकर कोथरूडला गेले, त्यांची मुलं बावधनला, नातवंडं परदेशात. आज पेठेतल्या खोल्यांत राहतात बीड, परभणी, नांदेड, यवतमाळची पोरं. कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट, चार कॉटखाली चार ट्रंका, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. मार्च 2021 मध्ये एमपीएससीची परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली, तेव्हा हीच पोरं शास्त्री रस्त्यावर ठिय्या देऊन बसली होती. त्या दिवशी पहिल्यांदा कित्येक पुणेकरांना कळलं की आपल्या पेठेत एवढी माणसं राहतात.

गेवराई तालुक्यातल्या एकाशी बोललो. राज्यसेवेची तयारी करतोय. पुण्यातलं काय आवडत नाही, असं विचारलं, तर म्हणाला, घरमालक अंघोळीचं पाणी मोजतात. आणि आवडतं काय? यावर त्यानं जरा वेळ घेतला. "सर, गावी रात्री उशिरा आलं की चार जण विचारतात, कुठं होता. इथं कुणी विचारत नाही. सुरुवातीला त्याचंच रडू यायचं. आता तेच बरं वाटतं."

मग नेहमीचा प्रश्न. आम्हाला वाटलं, याच्याकडे साल नसणार.

"सर, मागच्या वर्षापासून लयच बिघडलंय. मी आलो तेव्हा मेसमध्ये रविवारी स्वीट असायचं."

"तू कधी आलास?"

"तीन वर्षं झाली."

(दृश्य: सिंहगड रस्ता. बाल्कनीतून दिसणारी मुठा. जलपर्णी.)

आता माझी पाळी. आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडून इमारत झाली आणि आम्ही सिंहगड रस्त्याला आलो. नदी दिसते, असं सांगून बिल्डरनं जास्तीचे पैसे घेतले. नदी दिसते, यात खोटं काही नाही. उन्हाळ्यात खिडकी लावून घेतली तरी कळतं की ती आहे.

माझी तक्रारींची यादी मोठी आहे, पण ती तुमचीही तीच असेल. बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग देशात सुरुवातीला ज्या शहरांनी केला त्यात आपण, 2006 साली. आणि अजून बसथांब्यावर उभं राहून माणूस आधी देवाचं आणि मग रिक्षावाल्याचं नाव घेतो. विद्यापीठ चौकातला पूल बांधला आपण आणि 2020 साली पाडलाही आपणच. 2022 च्या ऑक्टोबरात चांदणी चौकातला पूल स्फोटकं लावून पाडायचा ठरला, तेव्हा मध्यरात्रीनंतरही लोक टीव्हीपुढे बसून होते. माझे वडीलही. स्फोट झाला, धुरळा बसला, आणि पूल पुरता पडला नाही. वडील समाधानानं म्हणाले, "बांधकाम जुनं आहे." आणि झोपायला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली होती, तेव्हा त्यांनी वनाझ ते गरवारे कॉलेज आणि परत असा प्रवास केला होता. काही काम नव्हतं. आल्यावर म्हणाले, "गार आहे."

पण माझं साल त्यातलं कुठलंच नाही. 25 जुलै 2024. रात्रभर पाऊस, वर धरणातून विसर्ग. पहाटे वॉचमनच्या ओरडण्यानं जाग आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, मग कमरेएवढं. माझी दुचाकी त्यात आडवी होऊन फिरत होती, अगदी सावकाश, जागा शोधत असल्यासारखी. पाणी सोडल्याचा मेसेज मोबाइलवर आला तेव्हा आम्ही तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट वर नेत होतो. आमच्या रस्त्यावर असंच झालेल्या सोसायट्या अनेक होत्या. त्याआधी, 2019 च्या सप्टेंबरात, आंबिल ओढा असाच एका रात्रीत फुगला होता. तेव्हा माणसं गेली. ओढ्यांवर बांधत आलो, नदीच्या पात्रात भराव घालत आलो. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, हे ठाऊक नसलेला माणूस या शहरात कुणी नाही. मलाही घर घेताना ठाऊक होतं.

हे मी नारायण पेठेतल्या आजोबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आमच्या वेळी धरण फुटलं होतं. तुमच्या वेळी दार उघडलं." आणि नातीला हाक मारून त्यांनी मला पुन्हा चहा द्यायला लावला.

ही नात ताशा वाजवते. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी पथकांचा सराव चालतो आणि आजोबा रोज संध्याकाळी खिडक्या लावून घेतात, फोनवर तक्रार करतात, पेपरला पत्र लिहितात. विसर्जनाच्या दिवशी मात्र सकाळी सातलाच आंघोळ करून, धोतर नेसून तयार. मंडईतून कसब्याचा गणपती निघेपर्यंत तीन तास. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, अलका चौकात रात्रभर पाय ठेवायला जागा नसते, हे सगळं त्यांना मान्य नाही. नातीचं पथक किती वाजता येणार, हे त्यांनी तिला चार वेळा विचारलं.

(दृश्य: डेक्कन. पाऊस. भिडे पूल पाण्याखाली. कठड्याशी गर्दी.)

शेवटचं चित्रीकरण इथं, यंदाच्या पावसात. पूल पाण्याखाली गेला म्हणजे वाहतुकीचा खोळंबा, सगळ्यांची चिडचिड. आणि तरी बघा, छत्र्या घेऊन किती माणसं नुसती पाणी बघायला आलीत. पोलीस शिट्ट्या मारून थकले. आमच्या शेजारी दोन गृहस्थ उभे होते, एकमेकांना ओळखत नसलेले.

"धरणातून बावीस हजारांनी सोडलंय," एक जण म्हणाले.

"चोवीस," दुसऱ्यांनी पाण्यावरची नजर न काढता दुरुस्त केलं.

"अहो, आत्ता वाचलं मी. बावीस."

"तुम्ही सकाळचं वाचलंत."

दोघांनी एकदमच मोबाइल काढले. छत्र्या एकमेकींत अडकल्या. पाऊस वाढला, पोलिसानं "चला, चला" म्हणून दोघांनाही मागं सरकवलं, आणि ते सरकत सरकत, एका हातानं मोबाइलवरचं पाणी पुसत, क्युसेकवरून भांडत राहिले.