नवा दांडा

(दृश्य: गवताळ धावपट्टी. पिवळं दुपंखी विमान. एक माणूस पंख्याच्या पात्यावर हात ठेवून उभा.)

निवेदन:

हे विमान बटण दाबून सुरू होत नाही. कुणीतरी समोर उभं राहायचं, लाकडी पंखा हाताने झटक्यात फिरवायचा आणि इंजिन धडधडलं की चटकन मागे सरायचं. मूळ रचनेत चाकांना ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाकच नाही, तिथे जमिनीवर घासत जाणारी पट्टी आहे. धड पोलादी नळ्यांचं, पंख लाकडाचे आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड.

दे हॅविलँड डीएच ८२. टायगर मॉथ. पहिलं उड्डाण १९३१ साली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या देशांनी हजारो पोरांना वैमानिक केलं ते याच विमानावर. जगभरात मिळून आठ हजारांहून जास्त टायगर मॉथ बनली, त्यातली हजारावर ऑस्ट्रेलियात. युद्ध संपल्यावर ती कवडीमोलाने विकली गेली. कुणी शेतांवर खत टाकायला घेतली, कुणी फ्लाइंग क्लबसाठी. आज जी उडतात त्यातली बरीच हौशी माणसांना हवेत फिरवून आणतात. प्रवासी पुढे, पायलट मागे. पायलट एकटा असला तरी मागेच बसतो, कारण तोल तसाच राखला जातो.

(दृश्य: नकाशा. क्वीन्सलँडचा किनारा, गोल्ड कोस्ट, साउथ स्ट्रॅडब्रोक बेट.)

१६ डिसेंबर २०१३. व्हीएच-टीएसजी या नोंदणीचं टायगर मॉथ दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या पिंपामाच्या खाजगी धावपट्टीवरून निघालं. आत दोघं: पायलट आणि पैसे भरून आलेला एक प्रवासी. त्यांची नावं आपण घेणार नाही. घरच्यांना ती प्रत्येक व्हिडिओत नव्याने ऐकवायची काही गरज नाही.

विमान समुद्राच्या बाजूला गेलं. पायलटने कसरती सुरू केल्या. जेमतेम एक मिनिट झालं असेल, डाव्या बाजूच्या पंखांनी साथ सोडली. विमान जवळजवळ सरळ खाली आलं आणि साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ३०० मीटरवर पाण्यात आदळलं. दोघंही वाचले नाहीत.

अशी बातमी आली की लोकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ऐंशी वर्षांपूर्वीचं डिझाइन, लाकूड, कापड, तारा. असलं खटारं उडवायचंच कशाला? लाकूड कुजलं असणार, सांध्याचा डिंक सुटला असणार. संशय चुकीचा नाही. जुन्या लाकडी विमानांत या गोष्टी घडतात आणि तपास करणारे त्या बघतातच. इथे मात्र धागा दुसरीकडे गेला.

(दृश्य: विमानाचं समोरून रेखाचित्र. तारा लाल रंगात.)

दुपंखी विमानाचे पंख वेगवेगळे बघू नका. वरचा पंख, खालचा पंख, मधले उभे खांब आणि तिरप्या तारा मिळून एकच बांधणी असते. हवेत उचल मिळाली की पंख वर वाकू पाहतात. धडाच्या तळापासून खांबाच्या वरच्या टोकापर्यंत गेलेल्या तारा त्यांना धरून ठेवतात. पण तार वर ताणली की खालीही ओढते. डावीकडच्या तारा धडाचा तळ डावीकडे खेचतात, उजवीकडच्या उजवीकडे. ही ओढ तोलून धरायला धडाच्या तळातून दोन पोलादी दांडे आडवे जातात, एक पुढे आणि एक मागे. खालचे दोन्ही पंख त्यांच्यामुळे धडाला जखडलेले राहतात. याच दांड्यांना टाय रॉड म्हणतात.

विमान बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाहीत. प्रवाशाला तर नाहीच नाही. तो जवळपास त्यांच्यावरच बसलेला असतो.

सरळ उड्डाणात दोन माणसं आणि इंधन धरून सातशे-आठशे किलोचं वजन पंख पेलतात. लूप मारताना, म्हणजे हवेत उभं वर्तुळ घेताना, विमान वर खेचलं की तेच वजन तिप्पट झाल्यासारखं पंखांवर येतं, आणि तारांमधून दांड्यांवर. लूप संपला की ताण उतरतो. पुढचा लूप, पुन्हा ताण. एका झटक्यात दांडा तुटेल एवढा तो ताण कधीच नसतो. तो शेकडो, हजारो वेळा येतो आणि जातो, एवढंच. धातू थकतो तो असा.

आणि थकवा गाठतो कुठे? आट्यांमध्ये. दांड्याच्या टोकाला नट बसवण्यासाठी आटे पाडलेले असतात. प्रत्येक आट्याच्या तळाशी एक बारीक खोबण असते आणि ताण नेमका त्या खोबणीत साचतो. आटे कसे पाडले, खोबण किती धारदार राहिली, नट कितपत आवळला, जोडातला बोल्ट कोणत्या मापाचा बसवला, या असल्या बारक्यांवर दांड्याचं आयुष्य ठरतं. चीर पडते ती नटाच्या आड. आधी केसाएवढी, मग दर ताणाला किंचित पुढे. भिंग घेऊन बाहेरून कितीही बघा, दांडा बाहेर काढून तपासल्याशिवाय ती सापडायची नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. धातूचा तुटका पृष्ठभाग जवळून.)

थकव्याने तुटलेला धातू ओळखता येतो. चीर हळूहळू सरकत गेली तो भाग गुळगुळीत असतो, त्यावर ओळीने वक्र खुणा दिसतात. शेवटी जो तुकडा एकदम तुटला तो खरबरीत. ऑस्ट्रेलियन ट्रान्सपोर्ट सेफ्टी ब्यूरो या अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या तपासात दोन्ही टाय रॉड तुटलेले आढळले, दोन्ही डाव्या पंखाच्या जोडाजवळ, दोन्ही आट्यांच्या भागात. आणि दोन्हींत आधीपासून वाढलेल्या मोठ्या चिरा होत्या.

आता खरी गोष्ट. हे दांडे १९४० सालचे नव्हते. ते कारखान्यातून विमानासोबत आलेलेही नव्हते. ते नंतर बनवलेले सुटे भाग होते, ऑस्ट्रेलियात रीतसर मंजुरी घेऊन तयार केलेले. आणि असे दांडे बदलण्यासाठी जी मुदत ठरलेली असते, तिच्या बरंच आधी ते थकले होते.

म्हणजे खटारा विमानाचा सगळ्यात नाजूक भाग विमानापेक्षा तरुण होता.

मला या अपघातात सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. जुन्या विमानाचं वय आपण नोंदणीच्या वर्षावरून मोजतो. प्रत्यक्षात त्यातल्या प्रत्येक भागाचं वय वेगळं असतं. कापड दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं, इंजिन कितीतरी वेळा उघडून बांधलेलं, तारा बदललेल्या. मूळ सुटे भाग संपत जातात, मग कुणीतरी ते नव्याने बनवतं. त्याला इलाज नाही. तसं केलं नाही तर ही विमानं संग्रहालयात जातील. नव्या भागाकडे मात्र कुणी संशयाने बघत नाही. चकचकीत आहे, सोबत कागद आहे, कागदावर शिक्का आहे.

त्या शिक्क्याबद्दल ब्यूरोने जे लिहिलं ते तुटलेल्या दांड्यांपेक्षा मोठं आहे. ऑस्ट्रेलियाच्या सिव्हिल एव्हिएशन सेफ्टी ऑथॉरिटीने, म्हणजे हवाई सुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाने, एका धोरणाखाली हजाराहून जास्त सुट्या भागांना उत्पादनाची मंजुरी दिली होती. त्या भागांच्या डिझाइनला आधी कुणी मान्यता दिली असेल, तर ती ग्राह्य धरायची असं ते धोरण होतं. पण तो भाग वापरात कसा टिकला, त्याला आयुष्याची मर्यादा घालावी का, याचा विचार झाला आहे की नाही, हे प्राधिकरणाने स्वतः तपासून पाहिलं नव्हतं. एका मान्यतेवर दुसरी मान्यता. मूळ भाग वर्षानुवर्षं उडून जे शिकवून गेला होता, ते या साखळीत लक्षात घेतलं गेलं की नाही, हे प्राधिकरणाने पाहिलंच नाही.

यात कुणी एकाने कुठे लबाडी केली असं अहवाल सुचवत नाही. बघणाऱ्याला खलनायक सापडला की बरं वाटतं. इथे तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

(दृश्य: हँगर. पुढच्या कॉकपिटचा तळ उघडलेला, खाली हातबत्तीचा उजेड.)

अपघातानंतर त्या बनावटीचे दांडे विमानांतून काढायला लावण्यात आले. देखभाल करणाऱ्या इंजिनिअरसाठी काम नेहमीचंच: तळ उघडायचा, पंखांवरचा ताण सोडवायचा, नट काढायचे, दांडा ओढून बाहेर घ्यायचा, नवा घालून तारांचा ताण पुन्हा जुळवायचा. वेळ खाणारं, कंबर मोडणारं, पण कुठलाही जाणकार करू शकेल असं.

उरलेल्या हजारावर भागांचं तसं नाही. ते कुठल्या कुठल्या विमानांत बसलेत, किती तास उडालेत, त्यांच्यावर किती ताण येतो, हे पान्याने कळणारं नाही. त्यासाठी जुन्या मंजुऱ्यांच्या फायली एकेक करून पुन्हा उघडाव्या लागतात, आणि शिक्का असलेल्या पानावरही विचारावं लागतं, हे तपासलं कुणी होतं?