.४७० नायट्रो एक्स्प्रेस: बंदीतून जन्मलेले काडतूस

सव्वातीन इंच लांबीची पितळी पुंगळी, बुडाशी जाड कड आणि तोंडाशी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम वजनाची गोळी: हे .४७० नायट्रो एक्स्प्रेस काडतूस. लंडनच्या जोसेफ लँग या बंदुका बनवणाऱ्या पेढीने ते १९०७ मध्ये घडवले. ते हत्तीसारख्या जनावरांसाठी असले, तरी त्याचा व्यास ठरला ब्रिटिश सरकारच्या धास्तीमुळे.

१८९८ मध्ये जॉन रिग्बी यांच्या पेढीच्या .४५० नायट्रो एक्स्प्रेसने मोठ्या शिकारीचे तंत्र पालटले. तोवर हत्तीसाठी आठ बोरची बंदूक लागे, जिच्या एक पौंड शिशात आठच गोळ्या होत, आणि बार झाला की काळ्या दारूच्या धुरामागे जनावर दिसेनासे होई. कॉर्डाइट या निर्धूर दारूने तो धूर गेला आणि कितीतरी हलकी गोळीही खोलवर शिरू लागली.

परंतु बंडखोरांच्या हाती पडलेल्या मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलींचा व्यासही .४५० इंच होता. शिकाऱ्यांचा दारूगोळा तिकडे वळेल, या भीतीने हिंदुस्थान आणि सुदान येथे त्या व्यासाच्या रायफलींवर बंदी आली. कारागिरांनी मग .४६५, .४७०, .४७५ असे नवे व्यास काढले. .४५० आणि .४७० यांच्या गोळ्यांच्या प्रत्यक्ष जाडीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. कायद्यातून सुटायला तो पुरेसा ठरला.

कॉर्डाइट उन्हात तापले की जास्त जोराने जळते, दाब वाढतो आणि पुंगळी नळीत घट्ट बसते. इंग्लंडच्या थंडीत निर्धोक असलेले काडतूस मध्य प्रांताच्या वैशाखात तसेच राहील, याची खात्री नव्हती. म्हणून पुंगळी ऐसपैस ठेवून दाब मुद्दाम कमी राखला गेला. या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हा संयमच आहे, कारण जखमी हत्ती अंगावर येत असताना अडकलेली पुंगळी शिकाऱ्याच्या जिवावर बेतते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात अशा शिकारीला वाव उरला नाही, आणि तो नसणेच योग्य आहे. आफ्रिकेतील काही देशांत मात्र हे काडतूस आजही दुनळी रायफलीत भरले जाते. तिच्या दोन्ही नळ्यांचे खटके स्वतंत्र असल्यामुळे एक खटका निकामी झाला, तरी दुसरी गोळी तयार असते. तिच्या नळ्या पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात. कारागीर प्रत्यक्ष बार काढत, तोंडाजवळची पाचर सरकवत, दोन्ही गोळ्या एका ठिकाणी पडेपर्यंत त्या जुळवतो आणि मगच डाख लावून पक्क्या करतो. ही जुळणी ठरावीक वजनाच्या गोळीसाठी आणि सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगासाठी असते. दारूचे माप बदलले, की दोन नळ्यांच्या गोळ्या लक्ष्यावर फाकतात.