तुमचा वाळीत टाकलेला हिरो पाणी कुठून पितो?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली सगळे एकच विचारायलेत, "दादा, डिस्टोपियन, म्हणजे पुढच्या काळातल्या बिघडलेल्या जगाची, कादंबरी लिहायलोय. हिरोला समाजानं बाहेर काढलंय. तो तग कसा धरणार?" चला, आज बसूच.

सुरुवातीचं पटकन उरकतो. साल ठरवा, वीस-पंचवीस वर्षं पुढचं. सत्ता कुणाकडं ते ठरवा. हिरोला का काढलं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. झालं, एवढं तुम्हाला येतंच.

आता माझं डोकं कुठं फिरतं ते ऐका. एकानं मला चार प्रकरणं पाठवली. साल 2045, गाव लातूर. हिरोचं पाणीकार्ड ब्लॉक होतं, नळ चेहरा ओळखतो अन् बंद पडतो. इथवर झकास! पुढं? गडी काळं लेदर जॅकेट चढवतो, बालाघाटच्या डोंगरात जातो अन् तीन महिने एकटा राहतो. मे महिन्यात! अरे बाबा, पितो काय? चार प्रकरणांत त्याच्या घशाखाली एक घोट गेलेला नाही.

हिशोब करा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन. आपल्या उन्हात वणवण करणाऱ्याला दिवसाला पाच लिटर तरी धरा. वीस लिटरचा जार पाठीवर घेतला तर चार दिवस, वर त्या ओझ्यानं घाम आणखी. पाचव्या दिवशी त्याला कुणाच्या तरी दारात यावंच लागतं.

कमेंटमध्ये येणारच, "हवेतून पाणी काढायचं मशीन असेल की तेव्हा." आजही आहे की! पण हवेत ओल नको का? मे महिन्यात दुपारी आपले ओठ फुटायलेत. अन् त्या मशीनची वीज कोण देणार, तुझा काका?

बरं, पाणी सोडा. आपल्या राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, 2016 चा. 2017 पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद. असा कायदा करावा लागला, कारण वाळीत टाकलेला माणूस बहुतेक वेळा गावातच असतो, स्वतःच्याच घरात. दुकानदार मीठ देत नाही, लग्नाचं आवतन येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. तरी तो जगतो, म्हणजे कुणीतरी चोरून देत असतं. तुमच्या कादंबरीत हा 'कुणीतरी' कुठाय? मला तोच सापडत नाही!

आता घरचं सांगतो. 2016 चा उन्हाळा, लातूर. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागलेली. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत रात्रीपासून घागरींची रांग लागायची. एका घराशी सगळ्यांचं वाजलेलं. त्यांची घागर सकाळी बघावं तर शेवटी सरकवलेली. टँकर तिथवर पोचेपर्यंत पाइपातून नुसती फुसफुस.

आमची आजी दिवसा त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही. रात्री मात्र मागच्या दारानं पाणी द्यायची. एकदा मी म्हटलं, कळशीच देऊन टाक ना, ओतत कशाला बसतीस? तिनं कळशी फिरवून काठ दाखवला. आजोबांचं नाव, लग्नाची तारीख, सगळं कोरलेलं. "ही त्यांच्या घरात दिसली तर उद्या आपली घागर मागं." म्हणून ती अंधारात त्यांच्याच बादलीत ओतायची, धार बादलीच्या कडेनं सोडून, आवाज होऊ नये म्हणून.

तर चार प्रकरणंवाल्या भावा, डोंगर काढून टाक. हिरो गल्लीतच ठेव. पोलीस झडती घ्यायला येतात अन् त्याच्या मोरीत दुसऱ्याच्या नावाची कळशी निघते, पाचवं प्रकरण तिथून धर. अन् ते जॅकेट काढ रे त्याचं, मे महिना आहे!