इंजिनाला फक्त ‘नको’ ऐकू येतं

(नागपुरातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या संध्याकाळी, बाहेर अजून गरम वारा सुटलेला असताना, पेट्रोल इंजिनाच्या टायमिंगवर ऐकायला एवढे लोक आलेत याचा मला खरंच आनंद आहे. विषय बोर्डावर लिहिलाच आहे, इग्निशन टायमिंगचा फीडबॅक कंट्रोल, म्हणजे ठिणगी कधी टाकायची ते आत प्रत्यक्ष काय घडलं ते बघून ठरवणं. मला सांगायचंय ते एवढंच की गाडीतल्या नॉक सेन्सरला, म्हणजे इंजिनातली खडखड ऐकणाऱ्या सेन्सरला, आपण फीडबॅक म्हणतो पण तो अर्धाच फीडबॅक आहे, आणि उरलेला अर्धा असता तर आज ई-२० पेट्रोलवरून, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, घराघरात जी भांडणं चालू आहेत ती बरीच कमी झाली असती.

समोर गॅरेजवाली मंडळी पण दिसतायत, त्यामुळे बेसिक पटकन उरकतो. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे एक डिग्री फिरायला साधारण ५५ मायक्रोसेकंद लागतात, आणि मिश्रण पूर्ण जळायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. लवकर टाकली तर दाब वर येणाऱ्या पिस्टनवरच बसतो, उशिरा टाकली तर पिस्टन खाली पळून गेल्यावर दाब तयार होतो आणि उष्णता सायलेन्सरमधून वाया जाते. दाबाचा शिखरबिंदू टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागेनंतर, क्रँकच्या साधारण १५ डिग्रीला आला की पेट्रोलच्या त्या थेंबातून जास्तीत जास्त काम निघतं. हा १५ चा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पूर्वी पद्मिनी, अॅम्बेसेडरमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या आत वजनं असायची आणि बाजूला व्हॅक्यूमचा पडदा, स्पीड वाढला की वजनं टायमिंग पुढे न्यायची, म्हणजे ठिणगी अजून लवकर. हे आपल्या कूलरसारखं काम. डेझर्ट कूलरला खोली थंड झाली की नाही ते कळत नाही, तुम्ही बटण हायवर ठेवलं की पहाटे चारलाही तो हायवरच, तसं डिस्ट्रिब्युटरला आत काय जळलं याचा पत्ता नसायचा. मिस्त्री टॉप गिअरला लोड देऊन कानाने नॉकिंग ऐकायचा आणि बॉडी किंचित मागे फिरवून बोल्ट आवळायचा, पण तो कान एकदाच लागायचा. डिसेंबरमध्ये बांधलेलं टायमिंग मे मध्ये पंचेचाळीस डिग्रीला खडखड करायचं, कारण आत जाणारी हवाच तापलेली.

मग आला नॉक सेन्सर. ब्लॉकवर बोल्टने आवळलेला पिझोचा, म्हणजे थरथरलं की वीज देणाऱ्या पदार्थाचा, छोटा गोल तुकडा. ज्योत पोचायच्या आधी कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटलं की सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात, ८० मिलिमीटरच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाला, त्यांचा सूर साधारण ६ ते ७ किलोहर्ट्झला लागतो, बोअर लहान तर सूर वर. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ठिणगीनंतरच्या एका ठराविक खिडकीतच हा सूर ऐकतो, म्हणजे व्हॉल्व्ह बसल्याचा आवाज त्यात मोजला जात नाही. नॉक सापडला की टायमिंग दोन-तीन डिग्री झटकन मागे, मग हळूहळू परत पुढे. फार सुंदर यंत्रणा आहे, माझा तिच्यावर जीव आहे.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या गाडीचं इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाइपांचं, काम एका मोठ्या वर्कशॉपमध्ये झालं आणि त्यानंतर गाडीचा जीवच गेला. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना तिसरा गिअर टाकावा लागायचा, चिखलदऱ्याच्या घाटात तर मागून ट्रक हॉर्न देत होता. परत नेली, त्यांनी प्लग बदलले. परत नेली, कॉइल बदलली. मग इंजेक्टर क्लीनिंग, मग म्हणाले पेट्रोल खराब भरता तुम्ही, मग म्हणाले इथेनॉल आहे काका, आता सगळ्याच गाड्यांचं असंच. मी म्हटलं, अरे स्कॅनर लावला आहेस ना, मग लाइव्ह डेटामध्ये स्पार्क अॅडव्हान्स, ठिणगी किती डिग्री आधी पडते ते, दाखव मला. तो म्हणे एरर कोड नाही तर प्रॉब्लेमच नाही. बिल मात्र दरवेळी नवं! हे वाक्य, मंडळी, कोड नाही तर प्रॉब्लेम नाही, याचा मला मनापासून राग आहे. कोड येतो वायर तुटली तर, सेन्सर शॉर्ट झाला तर. सेन्सर चुकीचं ऐकत असेल तर कोड कशाला येईल, ईसीयूच्या दृष्टीने सगळं नीट चाललंय, त्याला नॉक ऐकू येतोय आणि तो इमानदारीत टायमिंग मागे घेतोय.

शेवटी गांधीबागेतल्या एका छोट्या गॅरेजवाल्याने आपल्या स्वस्तातल्या ओबीडी डोंगलवर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून डेटा दाखवणाऱ्या डबीवर, बघितलं, जिथे पंचवीसच्या आसपास डिग्री दिसायला पाहिजे तिथे बारा. तो काही न बोलता वाकून मॅनिफोल्डखाली हात घालून बसला आणि हसला. सेन्सरच्या खाली कोणीतरी स्प्रिंग वॉशर टाकलेला, आणि बोल्ट नुसता हाताने लावलेला! हा सेन्सर थेट ब्लॉकच्या साफ धातूवर बसवायचा असतो, मध्ये वॉशर नाही, आणि टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, साधारण २० न्यूटन मीटरला आवळायचा, ढिला तर तो स्वतःच थरथरतो आणि जास्त आवळला तरी सिग्नल बदलतो. वॉशर काढला, बोल्ट मोजून आवळला, गाडी परत आली. राजेहो, गॅरेजमध्ये टॉर्क रेंच असते, ती वापरा एवढीच माझी हात जोडून विनंती आहे. सैल हीट शील्ड, वाजणारा ब्रॅकेट, हेही असेच खोटे नॉक ऐकवतात, तेही तपासा.

आयोजकांनी चिठ्ठी दिली आहे, दहा मिनिटं. मुद्द्यावर येतो, जरा पळत.

नॉक सेन्सर इंजिनाला एवढंच सांगतो की फार पुढे गेलास, नको. टायमिंग उशिराचं असेल तर काहीच आवाज येत नाही, गाडी नुसती सुस्त आणि तहानलेली. त्यामुळे बहुतेक गाड्यांत ईसीयूमध्ये कारखान्यात भरलेला तक्ता हीच वरची हद्द, फीडबॅक त्याच्या खाली खेचायलाच. आता ई-२० घ्या. लिटरमागची ऊर्जा ६-७ टक्के कमी होते, हे खरं. पण ऑक्टेन, म्हणजे पेट्रोल नॉकला किती दाद देत नाही तो आकडा, ९१ वरून ९५ च्या आसपास गेला आणि इथेनॉल आत उडताना मिश्रण थंड करतं, म्हणजे नॉकची रेषा पुढे सरकली. नागपूरच्या उन्हाळ्यात तर ही जागा फार मोलाची. ती वापरायला टायमिंग तक्त्याच्या पुढे जायला पाहिजे, आणि तक्ता ९१ साठी लिहिला असेल तर गाडी जाणारच नाही. तोटा पूर्ण, फायदा थोडा.

मग इंजिनाने स्वतः शोधावं का? ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स स्टार्क ड्रेपर, ज्यांच्या प्रयोगशाळेने पुढे अपोलो यानाचा गायडन्स कॉम्प्युटर डिझाइन केला, त्यांनी १९३० च्या दशकात नॉकच्या लाटांवर काम केलं आणि १९५१ मध्ये ली यांच्यासोबत असा कंट्रोल मांडला की इंजिन चालता चालता थोडं इकडे तिकडे करून आपला सर्वोत्तम बिंदू स्वतः गाठेल. अडचण अशी की शिखराजवळ टॉर्कचा, म्हणजे क्रँक फिरवणाऱ्या जोराचा, वक्र सपाट असतो, दोन डिग्री चुकलं तरी फरक कळत नाही, आणि प्रत्येक स्फोट आधीच्यापेक्षा वेगळा, त्यामुळे टॉर्कवरून शोधणं फार हळू.

म्हणून तो १५ चा आकडा. टॉर्क मोजू नका, दाबाचं शिखर कुठे आलं ते मोजा, काही सायकलची सरासरी घ्या, १५ च्या आधी आलं तर टायमिंग मागे, नंतर आलं तर पुढे. पेट्रोल कुठलंही असो, हवा गरम असो की थंड, हा आकडा जवळपास तोच राहतो, त्यामुळे इंधन बदललं म्हणून नवा तक्ता लिहावा लागत नाही. दाबाचे सेन्सर महाग आहेत आणि आतली उष्णता, कार्बन त्यांना टिकू देत नाही, ही खरी अडचण. दुसरा रस्ता साब या स्वीडिश गाडी कंपनीने १९९० च्या दशकात गाड्यांमध्ये वापरला, ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगवर थोडा व्होल्टेज ठेवायचा आणि ज्योतीतल्या आयनांतून, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांतून, वाहणारा करंट वाचायचा. साबने तो नॉक आणि मिसफायर, म्हणजे मिश्रण न पेटणं, ओळखायला वापरला, पण त्या करंटचा दुसरा उंचवटा दाबाच्या शिखरासोबत येतो, म्हणजे आपल्याला हवं ते त्यातच आहे. कमी लोडला तो उंचवटा पुसट होतो, तिथे तक्ता चालू द्या, भर लोडला नॉकची रेषा आधी येते, तिथे नॉक सेन्सरचंच ऐका. मधला सगळा पट्टा, म्हणजे आपण रोज कामठी रोडला, रिंग रोडला ज्या लोडवर गाडी चालवतो तो, शिखराच्या फीडबॅकवर चालू शकतो, आणि प्लग तर प्रत्येक पेट्रोल गाडीत आधीपासून बसलेलाच आहे.

वेळ संपली. मागून हात वर झालाय, सीएनजीचं विचारणार असाल तर तिथे टायमिंग अजून पुढे लागतं कारण मिथेन हळू जळतो. विचारा.