एलियाची रिकामी खुर्ची

संदेष्टा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भविष्य सांगणारा माणूस येतो. हिब्रूत संदेष्ट्याला ‘नावी’ म्हणतात, तो असा नव्हे. बायबलमधल्या एलियाचंच घ्या. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात उत्तरेकडच्या इस्राएल राज्यावर अहाब राजा होता. वाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा त्याला भाजीपाला लावायला हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राजा रुसून अंथरुणावर पडला, जेवेना. मग ईजबेल राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रं धाडली आणि दोन खोटे साक्षीदार उभे केले. दोनच का? देहदंडाला निदान दोन साक्षीदार लागत. कायद्याचा कागद अगदी चोख! नाबोथ दगडांखाली मेला. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तर समोर एलिया: खून केलास आणि वर वतनही घेतलंस? नावीचं काम हे.

पण पुढच्या परंपरांनी एलियाला धरून ठेवलं ते या प्रसंगामुळे नाही. तो मेलाच नाही, म्हणून. अग्निरथ आला, वावटळीत तो वर गेला, अंगावरचा झगा त्याचा शिष्य अलीशा याच्यासाठी खाली राहिला. जो मेला नाही तो परत येऊ शकतो, आणि मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी तसं वचनच आहे: प्रभूच्या भयंकर दिवसाआधी एलिया येईल.

आता पुस्तकांचा क्रम बघा, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. ज्यूंच्या धर्मग्रंथात, तनाखमध्ये, आधी तोरा (मोशेची पाच पुस्तकं), मग नावींचे ग्रंथ, मग इतर लेखन, म्हणजे मलाखी मधोमध येतो आणि शेवट इतिहासाच्या पुस्तकाने होतो. ख्रिस्ती जुन्या करारात संदेष्टे शेवटी ठेवले आहेत. मलाखी संपला, पान उलटलं, की मत्तयचं शुभवर्तमान सुरू. तिथे लगेच बाप्तिस्मा देणारा योहान येतो, उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कमरेला कातडी पट्टा. हा पोशाख दुसऱ्या राजे पुस्तकातल्या एलियाचा. मत्तयात येशू या योहानाबद्दल म्हणतो, येणारा एलिया तो हाच. ‘योहान’ नावाच्याच शुभवर्तमानात मात्र या बाप्तिस्मा देणाऱ्याला ‘तू एलिया आहेस का?’ असं थेट विचारतात तेव्हा तो ‘नाही’ म्हणतो. दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात, घाईने सांधू नयेत.

कुराणात तो इल्यास. सदतिसाव्या सूरेत तो आपल्या लोकांना विचारतो, सर्वोत्तम निर्मात्याला सोडून बआल या दैवताला हाक मारता? तिथे ना रथ, ना परतीचं वचन.

ज्यू घरांत मात्र त्याची जागा रोजच्या वापरातली आहे. सुंता म्हणजे देवाशी केलेल्या कराराची खूण; त्या वेळी एक खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेवतात. लोकांनी करार सोडला अशी तक्रार त्याने होरेब डोंगरावर केली होती ना, मग आता प्रत्येक कराराला साक्षीला बस! वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री त्याच्या नावाचा पेला भरतात आणि दार उघडतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने त्याला नवसाला पावणारा केलं. अलिबाग तालुक्यातलं खंडाळा (घाटातलं नव्हे) इथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या अशी श्रद्धा आहे. लोक त्या जागेला ‘एलियाहू हन्नाबीचा (म्हणजे संदेष्ट्या एलियाचा) टापा’ म्हणतात. नवस फिटला, लग्न ठरलं, की मलिदा हा प्रसाद करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. पोहे धुऊन लगेच निथळावेत, पाण्यात राहिले की लगदा होतो. गूळ अगदी शेवटी, कारण तो पाणी सोडतो. फळांवरच्या आशीर्वचनांतही नियम आहे: खजूर झाडाचं फळ, केळं मात्र जमिनीचं, कारण ज्यू धर्मशास्त्र केळीला झाड मानत नाही. आधी प्रार्थना, एलियाहू हन्नाबीचं गाणं, मग आशीर्वचनं, आणि त्यानंतरच ताटाला हात.